मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की सगळं पुसलं जातं. एचआरच्या नोकरीची तयारी कशी करू?

बालाघाटची लेक | २३ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी धारूर तालुक्यातली. बी.ए. अंबाजोगाईला झालं, एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) छत्रपती संभाजीनगरला. मनुष्यबळ व्यवस्थापन हा विशेष विषय घेतला होता, म्हणून कंपन्यांत एचआरच्या जागांसाठी अर्ज करायलेय. तीन मुलाखती झाल्या, तिन्ही गेल्या.

परवाची वाळूजला होती, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. दोन तास बाहेर बसल्यावर नाव पुकारलं. आत तिघं होते. मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांगा. मी पाठ केलेला परिच्छेद सुरू केला. नाव, गाव, शिक्षण झालं आणि 'माय स्ट्रेंग्थ्स आर' म्हटल्यावर पुढचं आलंच नाही. मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती. तिच्यावर घामाने माझ्या पाचही बोटांचे ठसे उमटले होते, मी तेच बघत बसले. शेजारच्या मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या मराठीत बोला, चालेल. तर मराठीतही काही सुचेना. अनुभव काय, विचारलं. म्हटलं, नाही सर, फ्रेशर आहे. बी.ए. नंतर एक वर्ष रिकामं का दिसतंय? म्हटलं, घरगुती कारण. मग तिसऱ्या साहेबांनी विचारलं, लग्नाचं काय ठरलंय? तिथं डोळे भरून आले. "काही नाही" एवढंच बोलले आणि उठले.

येताना बीड येईपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

नुसत्या मुलाखतीचंच नाही. कॉलेजात गटाचं सादरीकरण असलं की माझं लिहिलेलं मैत्रीण वाचायची. चार माणसांसमोर उभं राहिलं की पाय थरथरायला लागतात. आईवडील ऊसतोडीला जातात. मला शिकवायला त्यांनी काय ओढलंय ते मी बघितलंय, म्हणून हे मला जमलंच पाहिजे. पुण्याचे क्लास परवडत नाहीत. घरी राहून काय करता येईल ते सांगा.

परिपाठाच्या बाई | २३ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, आधी एक. तुम्ही हे जे वर लिहिलंय ते किती नीट लिहिलंय, वाचून बघा एकदा. ज्याला सांगता येत नाही त्याला असं लिहिता येत नाही.

मी तेवीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिलीतल्या लेकराला परिपाठात उभं करायचं तर मी त्याला भाषण देत नाही, फक्त वार आणि तारीख सांगायला लावते. दुसऱ्या आठवड्यात सुविचार. महिन्याने बातमी. सहा महिन्यांनी तेच लेकरू प्रार्थनेच्या आधी "सावधान" म्हणून ओरडतं. मोठ्या माणसाला आपण ही पायरीच ठेवत नाही, एकदम तीन साहेबांसमोर नेऊन बसवतो.

तुमच्या गावच्या शाळेत १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होईल. मुख्याध्यापकांना आजच फोन करून सांगा, मला तीन मिनिटं बोलायचंय. तारीख ठरली की तयारी आपोआप सुरू होते. तोवर रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचा, घरातल्या कुणालातरी ऐकवत. मनातल्या मनात वाचून जीभ वळत नाही.

पगारपत्रक | २४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीत मिळून एकोणीस वर्षं भरती आणि पगाराचं काम करतोय.

तुम्हाला दोन प्रश्न. ते रिकामं वर्ष म्हणजे नेमकं काय केलंत? आणि घरचे ऊसतोडीला जातात तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी काय काम करता? चौकशी म्हणून विचारत नाही, उत्तर त्यात आहे असं मला वाटतंय.

नांदेडचा समुपदेशक | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

पाय थरथरणं, तोंड कोरडं पडणं, हाताला घाम येणं याला लोक कमजोरी समजतात. समोर संकट आहे असं शरीराला वाटलं की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, पचन मंदावतं म्हणून लाळ कमी होते. बिबट्या दिसला तरी हेच होतं आणि मुलाखतीतही हेच. पाठ केलेलं नेमकं अशा वेळी जातं, कारण पाठांतर एका माळेसारखं असतं, एक मणी सुटला की पुढचे हाती लागत नाहीत. घडलेली गोष्ट मात्र सहसा जात नाही. तिला कुठूनही धरता येतं.

दोन गोष्टी संशोधनातल्या सांगतो, कारण त्या माझ्याकडे येणाऱ्या मुलांना खरोखर उपयोगी पडतात. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं की भाषणाआधी "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांचं भाषण चांगलं झालं. धडधडतं हृदय दाबून बसवणं अवघड असतं, त्याला वेगळं नाव देणं सोपं असतं. दुसरं, केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा २००३ चा अभ्यास. आपली घाबरगुंडी समोरच्यांना जेवढी दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, तेवढी ती दिसत नाही. आणि हे आधी समजावून सांगितलं की माणूस अधिक चांगला बोलतो. तुमच्या फाईलवरचे ठसे तुम्हालाच दिसत होते, ताई.

आत जाण्याआधी श्वास चार मोजत घ्या आणि सहा-सात मोजत सोडा, पाच-सहा वेळा. सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, त्याने हृदयाची गती उतरते. मात्र हे रोज घरी करत राहा. पहिल्यांदा मुलाखतीच्या दारातच केलं तर काही होणार नाही.

बालाघाटची लेक | २४ ऑगस्ट, रात्री ९:४८

शाळेत फोन केला. गुरुजी लगेच "ये" म्हणाले. आता पोटात गोळा आलाय, पण केला.

पगारपत्रक काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बी.ए. झालं त्या वर्षी आईची कंबर धरली होती. ती कोयता धरू शकत नव्हती, म्हणून मी सोबत गेले. दिवाळीनंतर निघालो ते मार्चअखेर परत आलो. कोपीवर (फडाजवळच्या खोपटात) स्वयंपाक, धाकट्याला सांभाळणं आणि वही.

वही म्हणजे टोळीचा हिशेब. माझं अक्षर चांगलं म्हणून दहावीपासून टोळीची वही मीच लिहिते. आमच्या टोळीत त्या वर्षी अकरा कोयते होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. प्रत्येक कोयत्याला एक पान. डावीकडे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, उजवीकडे रोजच्या खेपा आणि काट्याच्या पावतीवरचं टनेज. खाली खाडे, दवाखान्याला दिलेले, किराण्याचे. वाढे (उसाचे शेंडे) विकून आलेले पैसे वेगळे. हंगाम संपून पट्टा पडला की कुणाची उचल फिटली आणि कुणाच्या अंगावर किती राहिले ते मीच वाचून दाखवायचे. त्या वर्षी एका काकांच्या दोन खेपा मुकादमाच्या हिशेबात आल्याच नव्हत्या. काकूंनी पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मी तारखा लावून दाखवल्या, मुकादमाने त्या धरल्या. भांडण झालं नाही.

पण हे मुलाखतीत सांगायचं असतं का? तिथं ऊसतोडीचं नाव काढायची मला लाज वाटते. खरं तेच लिहिलंय.

पगारपत्रक | २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

लेकी, रात्री तुझं उत्तर वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. आता "तू"च म्हणतो.

तुझ्या वहीला आमच्याकडे काय म्हणतात ते सांगतो. अकरा पानं म्हणजे बावीस कामगारांच्या पगाराची नोंदवही. खेपा आणि खाडे म्हणजे हजेरीपट. उचल म्हणजे आगाऊ रक्कम आणि तिची कपात. शेवटी वाचून दाखवायचीस ते पूर्ण आणि अंतिम हिशेबाचं काम, जे कामगार सोडून जाताना आम्ही करतो. आणि पावत्यांच्या तारखा लावून दोन खेपा मिळवून दिल्यास, त्याला तक्रार निवारण म्हणतात. कागदावरचा पुरावा, दोन्ही बाजूंचं ऐकणं, भांडणाशिवाय निकाल. एम.बी.ए. झालेली मुलं माझ्यासमोर या शब्दाची व्याख्या सांगतात. तू ते कोपीवर बसून केलंस आणि आत जाऊन म्हणालीस, "नाही सर, फ्रेशर आहे."

त्या साहेबांनी तुला नाकारलं असं तुला वाटतंय. त्यांना तू भेटलीच नाहीस. त्यांना भेटला तो पाठ केलेला परिच्छेद, आणि तो आम्ही दिवसातून बारा वेळा ऐकतो. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, संघात काम करते. एकाचाही चेहरा संध्याकाळी आठवत नाही. काट्याच्या पावत्या लावणारी मुलगी मी दहा वर्षं विसरणार नाही.

लाजेबद्दल. वाळूज, चिकलठाण्यात कंत्राटावर काम करणारी कितीतरी माणसं बीड, जालना, परभणीच्या गावांतून आलेली असतात. त्यांच्या घरात उचल काय असते ते माहीत असलेलं माणूस एचआरला बसलं, तर तो कामगार येऊन मन मोकळं करतो. मालकालाही तेच हवं असतं, कारण न बोलता कामगार सोडून गेला की खरा तोटा होतो.

आता उत्तर बसवायचं कसं? कसलीही घडलेली गोष्ट सांगताना चार पायऱ्या धर: कुठं होते, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. तिसऱ्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ दे आणि तिथं "आम्ही" म्हणू नको, "मी" म्हण. आपल्याकडच्या मुली सगळ्या कामाला "आम्ही" म्हणतात, हे मी फार बघितलंय. दीड मिनिटात संपव. लिहून पाठ करू नको, फक्त चार शब्द कागदावर ठेव: टोळी, वही, दोन खेपा, पावत्या. रोज त्या चार शब्दांवरून नव्याने सांग. रोज वाक्यं वेगळी येतील, येऊ दे.

रिकाम्या वर्षाला "घरगुती कारण" म्हणू नको. त्याने पलीकडच्या माणसाच्या मनात दहा शंका येतात. "आई आजारी होती, मी तिच्या जागी कामाला गेले आणि टोळीचा हिशेब सांभाळला." एवढं एक वाक्य.

स्पष्ट लातूर | २५ ऑगस्ट, दुपारी १:२०

सगळ्यांचा मान राखून बोलतो. मुलीला धीर देताय ते बरोबर, पण इंग्रजीचं कुणीच काढेना. कंपनीत मेल इंग्रजीत, पॉलिसी इंग्रजीत, ऑडिटला येणारा इंग्रजीत बोलतो. लातूरहून बारावीला उत्तम मार्क घेऊन गेलेली आमची पोरं पुण्यात पहिल्या फेरीत पडतात ती इथंच. "मराठीत बोला, चालेल" म्हणणाऱ्या मॅडम प्रत्येक ठिकाणी भेटणार नाहीत. गोष्ट चांगली आहे, पण ती इंग्रजीत सांगता आली पाहिजे. आणि एक्सेलही हवं.

पगारपत्रक | २५ ऑगस्ट, रात्री ८:१०

लातूरकर, तुमचं म्हणणं मान्य. कारखान्यातल्या एचआरला शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी आणि वर इंग्रजी, दोन्ही लागतं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी मराठीत गोष्ट पक्की झाली की इंग्रजी तिच्यावर चढवता येतं. उलट केलं की तिच्यासारखं होतं, दोन्ही जातात. तिने आपल्या गोष्टीची आठ साधी इंग्रजी वाक्यं स्वतः बनवावीत, छोटी, भूतकाळातली. 'आय केप्ट द अकाउंट्स ऑफ ट्वेंटी-टू वर्कर्स.' यात कठीण काहीच नाही आणि वाक्य स्वतःचं असल्यामुळे अडखळलं तरी पुढं जाता येतं. अडलंच तर सरळ सांगायचं, एवढं मराठीत सांगते. आणि वही एक्सेलमध्ये उतरवायला लाव, हा तुमचा मुद्दा मी विसरलो होतो.

स्पष्ट लातूर | २५ ऑगस्ट, रात्री ८:४२

असं असेल तर पटलं. ताई, एक्सेलमध्ये काही अडलं तर मला निरोप टाका, मी रोज त्याच कामात असतो.

गंगाखेडचा टाळकरी | २६ ऑगस्ट, पहाटे ५:४०

मी शिकलेला कमी, पण सप्त्यात वीस वर्षं कीर्तनात मागं टाळ धरून उभा राहायलो. म्हणून एक गोष्ट सांगू वाटायली. महाराज दोन तास बोलतात अन् दमत नाहीत, याचं कारण लोकांना दिसत नाही. एक मुद्दा झाला की ते चाल लावतात, मागून आम्ही उचलतो. आम्ही म्हणायलो तेवढ्यात महाराज श्वास घेतात, उपरण्यानं तोंड पुसतात, समोर कोण डुलायलंय कोण झोपायलंय ते बघतात अन् पुढचा दृष्टांत मनात लावतात. त्यांच्या बोलण्यात थांबणं आधीच बसवलेलं असतं.

तुमच्या मागं टाळकरी नसणार. मग थांबा तुम्हीच घ्यायचा. एक गोष्ट सांगून झाली की तोंड मिटायचं, एक श्वास घ्यायचा, समोरच्याकडं बघायचं, मग पुढचं. नवीन माणसाला थांबलं की लोक हसतील वाटतं, म्हणून तो पळत सुटतो अन् पडतो. आमच्याकडच्या एका नवख्या महाराजांना त्यांच्या गुरूंनी वर्षभर फक्त दहा मिनिटांचं निरूपण करायला लावलं होतं, तेही देवळात गुरवाच्या समोर, बाकी कुणी नाही. आज त्यांच्यापुढं मांडवात जागा पुरत नाही.

जालन्याची मावशी | २६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी पण एचआरमध्येच आहे, जालन्याला. त्या लग्नाच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण ती रडली ती तिथं.

बाळा, तो प्रश्न चुकीचा होता. १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून भरती करताना बाई-पुरुष भेद करायला मनाई आहे आणि आता वेतन संहितेतही ते आहे. तरी विचारतात. मला विचारलं होतं, माझ्या मुलीलाही विचारलं. विचारणाऱ्याला खरं भय असतं की ही वर्षात सोडून जाईल. तू त्या भयाला उत्तर दे, लग्नाला नको. "सर, घरचे निर्णय घरी होतील. तुम्हाला मी किती दिवस राहीन हे जाणून घ्यायचं असेल तर मला या कामात निदान तीन वर्षं शिकायचंय. शिफ्टचं आणि जाण्यायेण्याचं मी बघून ठेवलंय." आवाज न चढवता, त्यांच्याकडे बघून. हे वाक्य आरशासमोर पन्नास वेळा म्हण. राग किंवा रडू येतं ते वाक्य तयार नसल्यामुळे. आणि यानंतरही कुणी खोदत बसलं तर त्या जागी नोकरी नको, हे तुला मावशी म्हणून सांगते.

बालाघाटची लेक | १८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

बाई, काका, टाळकरी दादा, मावशी, काल बोलले.

तीन आठवडे रोज संध्याकाळी गच्चीवर फोन टेकवून रेकॉर्ड केलं. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकवेना, प्रत्येक वाक्यानंतर "म्हणजे" यायचं. एका मिनिटात चौदा वेळा मोजलं. मग "म्हणजे" येईल तिथं तोंड मिटायचं ठरवलं, टाळकरी दादांनी सांगितलं तसं. शेवटच्या आठवड्यात तीनवर आलं. धाकट्याला समोर बसवत होते, त्याला सगळं पाठ झालंय.

काल शाळेत शंभर-सव्वाशे लोक असतील. सुरुवात अशी केली: "देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. आपण नाही झालो. आपल्याला आणखी तेरा महिने लागले, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत." समोरच्या लेकरांनी माना वर केल्या, कारण त्यांना वाटायचं दोन्ही एकच. मग निजामाच्या राजवटीत लोकांना काय सोसावं लागलं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढं माझा मुद्दा: आपल्या गावातली किती लेकरं दिवाळीनंतर शाळेतून फडावर जातात, त्यांची पाटी कोण धरणार. तिथं अडकले. समोर आई उभी होती, तिच्याकडे बघितलं आणि सगळं गेलं. पूर्वीची मी असते तर खाली उतरले असते. तोंड मिटलं. श्वास सोडला, मनात सातपर्यंत मोजलं. कुणी हसलं नाही. उलट लोकांना वाटलं मी मुद्दाम थांबले, असं गुरुजी नंतर म्हणाले. मग मनातला चौथा शब्द आठवला, "वसतिगृह", आणि पुढं गेले.

पाय शेवटपर्यंत थरथरत होते. फक्त मी बोलत राहिले.

परिपाठाच्या बाई | १८ सप्टेंबर, सकाळी ८:४०

सात मोजलेस! मी वर्गात वाचून दाखवणार आहे हे, नाव गाव न सांगता. आता गावात महिला सभा लागेल, तिथं एक प्रश्न विचार. एकच. पाण्याचा विचार, दिव्याचा विचार. तिथं टाळ्या मिळत नाहीत, उत्तर द्यायला लावावं लागतं, आणि मुलाखतीला तेच जास्त जवळचं आहे.

पगारपत्रक | १९ सप्टेंबर, रात्री ९:००

शाबास. आता दुसरी बाजू. एचआरच्या जागेसाठी नुसता आत्मविश्वास पुरत नाही, विषय विचारतात. आणि विषय येत असला की धीर निम्मा तिथूनच येतो. तुझ्या वहीच्या भाषेत सांगतो.

पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी: मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराकडून, तेवढेच मालकाकडून. १५,००० वर १,८०० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा: महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, कामगाराकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५. म्हणजे १८,००० वर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५. हे तुला कागद न घेता तोंडी सांगता आलं पाहिजे. मालकाचे हे दोन्ही वाटे कंपनी बहुतेक वेळा सीटीसीत, म्हणजे तुझ्यावर होणाऱ्या एकूण खर्चात धरते, म्हणून सीटीसी आणि हातात पडणारा पगार यांत अंतर पडतं. कामगार पहिल्या महिन्यात भांडायला येतो तो यावरूनच, त्याला समजावणारी तू असणार.

२९ जुने कामगार कायदे एकत्र करून ४ संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागची सुरक्षितता. हल्ली हमखास विचारतात. यातला कळीचा बदल असा की वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बाईमाणसाच्या दृष्टीने दोन: बाळंतपणाची रजा पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवडे, आणि २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी, तक्रार तीन महिन्यांच्या आत.

माहीत नसलेलं विचारलं तर "नक्की माहीत नाही सर, बघून सांगते" म्हण. ठोकून दिलेलं उत्तर आम्हाला लगेच कळतं.

अडखळणारा | २० सप्टेंबर, दुपारी २:१५

मी बरेच महिने इथं नुसता वाचत असतो. मी लहानपणापासून अडखळत बोलतो, तोतरेपणा म्हणतात तो. परभणीला एका बियाणे कंपनीत पगारविभागात आहे. एकच सांगायचंय. मी मुलाखतीत पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "मी अडखळतो, मला थोडा जास्त वेळ लागेल." त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही आणि नेहमीपेक्षा कमी अडखळलो. तुमचे पाय थरथरतात, तर "थोडी घाबरलेय, पण सांगते" एवढं म्हटलं तरी चालतं.

बालाघाटची लेक | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

महिला सभेत प्रश्न विचारला, वस्तीवरच्या हातपंपाचा. ग्रामसेवकांनी नोंद केली.

आज शेंद्र्याला मुलाखत झाली. आत जाताना अडखळणाऱ्या दादांचं वाक्य बोलले, "थोडी घाबरलेय, पण सांगते." समोरच्या मॅडम हसल्या, म्हणाल्या पाणी घ्या. मी खरंच प्यायले. मग स्वतःबद्दल विचारलं. तीन वाक्यं इंग्रजीत झाली, चौथं अडलं, मी म्हटलं बाकीचं मराठीत सांगते. वही सांगितली, दोन खेपा सांगितल्या. वहीची झेरॉक्स नेली होती, नावं झाकून. शेजारच्या सरांनी ती हातात घेतली आणि विचारलं, खाडा म्हणजे काय? मग पाच मिनिटं मीच त्यांना समजावत होते आणि आपण मुलाखतीत आहोत हे विसरले होते. त्यांनी १८,००० वरचा ईएसआय विचारला, तोंडी सांगितला. संहितेचा एक प्रश्न आला नाही, "बघून सांगते" म्हटलं. लग्नाचं कुणी विचारलं नाही. वाक्य तयार होतं, लागलं नाही.

घरी पोचायच्या आत फोन आला. सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून, पगार फार नाही, पुढं काम बघून कायम. सोमवारपासून. आईला सांगितलं तर तिने पहिलं हेच विचारलं की यंदा वही कोण लिहिणार.

पगारपत्रक | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५२

नेमणूकपत्र हातात येईपर्यंत मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नको, फक्त दाखव. आधारला तुझाच मोबाईल नंबर जोडलाय ना ते उद्या बघून घे, पीएफचं खातं त्याच्यावर उघडतं. पासबुकची पहिल्या पानाची झेरॉक्स, चार फोटो. आणि बसचा पहिल्या आठवड्याचा पास काढून ठेव. वहीचं काय ठरवलंस?

बालाघाटची लेक | १५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

टोळी दिवाळीनंतर निघेल. ज्या काकूंच्या दोन खेपा राहिल्या होत्या, त्याच रोज संध्याकाळी पावत्यांचे फोटो पाठवणार आहेत. मी रविवारी इथून लिहीन, एक्सेलमध्ये. लातूरकर दादांनी अकरा कोयत्यांचा तक्ता करून दिलाय.